तीन पायांचा वीर, चार पायांचा फरारी

एका जंगलात, बाळांनो, एक फौज होती. फौज होती म्हणून लढाया होत्या, आणि लढाया होत्या म्हणून एक कचेरी होती. पुढे लढाया संपल्या. निम्मी फौज घरी गेली. कचेरी मात्र वाढतच राहिली. का वाढली, असं शहाणी बाळं विचारत नाहीत.

या जंगलात नावाला किंमत नव्हती. एकदा काय झालं, शिधा वाटताना कोणीतरी 'सोनबा' अशी हाक मारली आणि रांगेतले सगळे कोल्हे 'मीच, मीच' करत पुढे आले. तेव्हा वाघोबा महाराजांनी हुकूम काढला. नाव खोटं बोलतं, पाय खोटं बोलत नाही. भरती होणाऱ्याने ओल्या विटेवर चारही पाय उमटवायचे. वीट भाजायची. पुढे तो शिपाई जे काही करील ते त्याच विटेवर कोरायचं. वीट म्हणजे शिपाई, आणि शिपाई म्हणजे वीट.

त्या जंगलाची आणखी एक रीत होती. शिपाई मेला की वेशीवर त्याचा वीरगळ उभा राहायचा. ज्याच्या विटेवर पदक असेल त्याला दगडावर लढताना कोरायचे, छाती पुढे आणि तोंड शत्रूकडे. ज्याच्या विटेवर पदक नसेल, त्याला जेवताना कोरायचे. फौजेत येऊन याने काय केलं? जेवला. तेवढं खरं. मग तेवढंच कोरायचं. वेशीवर अशा जेवणाऱ्या शिपायांची मोठी पंगत बसली होती.

तर या जंगलात येसबा नावाचा एक मुंगूस होता. नदीच्या उतारावरच्या, म्हणजे जिथून नदी पायी ओलांडतात तिथल्या, लढाईत त्याचा पुढचा डावा पंजा गेला होता. खुद्द महाराजांनी आपल्या पायाचं गळलेलं वाघनख त्याच्या गळ्यात घातलं होतं. लढाई संपल्यावर येसबा घरी आला, तीन पायांवर दुडक्या चालीने संसार करू लागला. वाघनखाने तो पाठ खाजवायचा.

"दादा, अरे, ते पदक आहे!" धाकटा भाऊ ओरडायचा.

"म्हणूनच इतकं छान खाजवतं," येसबा म्हणायचा.

या धाकट्याचं नाव तडक्या. डोक्यात आलं की तडक करायचं, विचार नंतर. शाळेत तो एकच दिवस गेला होता. त्या दिवशी त्याने मास्तर बगळ्यांना विचारलं, "एका पायावर उभं राहून शिकवता, दुसरा पाय काय गहाण ठेवला?" दुसऱ्या दिवशी शाळेनेच त्याला सुट्टी दिली, ती कायमची. वडील नव्हते. शिकार करणं, सापाच्या मानेला कुठे धरायचं, मार खाऊन घरी आलं तर आईला काय सांगायचं, सगळं त्याला दादाने शिकवलं.

आणि मग एका उन्हाळ्यात येसबा तापाने गेला. असा गेला, जसा कोणी पाणी प्यायला उठावा आणि परत येऊ नये.

तडक्या रडला नाही. त्याला राग आला. तापावर, उन्हावर, विहिरीवर, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांवर. एक आत्या म्हणाली, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." तडक्या म्हणाला, "म्हणून तू अजून इथे होय?" आईने त्याला कान धरून बाहेर काढलं.

बाहेर पाथरवट साळिंदर उभे होते. वीरगळ तेच घडवायचे. त्यांना छिन्नी विकत घ्यावी लागत नसे, पाठीवर उगवायची.

"वाईट झालं, लेकरा," साळिंदरदादा म्हणाले. "दगड चांगला काळा काढून ठेवलाय. कचेरीतून विटेची नक्कल तेवढी आण. पदक असलं की छाती पुढे काढतो. नसलं की ताट काढतो."

"ताट?" तडक्या म्हणाला. "माझा दादा ताटावर? अहो, त्याला महाराजांनी नख दिलंय!"

"मग काय काळजी! नक्कल आण, मी छाती कोरतो."

तडक्या तडक कचेरीत गेला.

कचेरीची मुख्य होती घोरपड. तुम्हाला ठाऊकच आहे, घोरपडीने एकदा भिंत धरली की ती सुटत नाही. या घोरपडबाईंनी आयुष्यात भिंत कधी धरली नाही, नियम धरला. वाईट नव्हत्या त्या. फक्त सुटत नव्हत्या.

त्यांनी येसबाची वीट काढली, धूळ फुंकली आणि वाचली.

"भरती झाला. शिधा खाल्ला. कवायत केली. शिधा खाल्ला. उताराकडे रवाना झाला." त्यांनी वीट उलटी करून पाहिली. "पुढे कोरं आहे."

"कोरं कसं? पुढे तर लढाई आहे!"

"असेल. विटेवर नाही."

दादा गेल्यापासून त्याचं वाघनख तडक्याच्या गळ्यात होतं, ते काढून त्याने मेजावर आपटलं. "हे काय मग? हे काय काटेरी वांग्याचा काटा आहे?"

घोरपडबाईंनी नख उचललं, हुंगलं, आणि उठून उभ्या राहिल्या, कारण महाराजांच्या नखासमोर बसायचं नाही असा नियम होता. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "नख अस्सल आहे. उताराच्या लढाईत एकच नख दिलं गेलं. त्याची पोचवीट आहे आमच्याकडे."

पोचवीट म्हणजे पदक मिळाल्याची पोच. पदक घेणाऱ्याने तिच्यावर पाय उमटवायचे. घोरपडबाईंनी ती आणून येसबाच्या विटेशेजारी ठेवली.

"मोज," त्या म्हणाल्या.

एका विटेवर चार ठसे होते. दुसरीवर तीन.

"बरोबर आहे की," तडक्या म्हणाला. "एक पंजा लढाईत गेला. म्हणून तर नख मिळालं."

"भरती झाला तो चार पायांचा मुंगूस. त्याच्या नावावर पदक नाही. पदक मिळालं ते तीन पायांच्या मुंगसाला. तो आमच्याकडे भरतीच झालेला नाही. फुकट लढून गेला बिचारा. आम्ही इतकी वर्षं त्याला शोधतोय."

"अहो बाई, तो हाच!"

"याला चार पाय आहेत."

"होते!"

"विटेवर आहेत."

"तुम्ही त्याला पाहिलंय ना? रोज या कचेरीसमोरून जायचा लंगडत. तुम्हाला रामराम करायचा!"

"करायचा. चांगला होता स्वभावाने," घोरपडबाई हळहळून म्हणाल्या. "पण मला रामराम करणारा चार पायांचा की तीन पायांचा, हे मी खाजगीत पाहिलं. कचेरीने पाहिलेलं नाही."

तडक्याने दात दाखवले. कचेरीतले दोन ससे मेजाखाली गेले.

"दुरुस्तीची सोय आहे," घोरपडबाई घाईने म्हणाल्या. "चौथा पंजा सादर करायचा. तो चार पायांच्या विटेशी जुळला आणि उतारावर तुटला हे दिसलं, तर दोन्ही मुंगूस एक झाले."

"तो पंजा शत्रूने तोडून नेला!"

"मग शत्रूकडे असेल," घोरपडबाई म्हणाल्या आणि दुसरी वीट पुसायला लागल्या.

घरी आई म्हणाली, "तडक्या, बाळा, दोन दिवस थांब. डोकं शांत होऊ दे. मग..."

वाक्य पुरं झालं तेव्हा ती एकटीच होती. तडक्या नदीच्या काठावर पोचला होता.

नदीपलीकडे तरसांचं जंगल. तिकडे आपल्याकडचं कोणी जात नसे, कारण तिकडे गेलेलं परत येत नसे. तडक्याच्या हे नदी ओलांडून झाल्यावर लक्षात आलं.

दोन पहारेकरी तरसांनी त्याला शेपटीला धरून उचललं. "काय रे पिटुकल्या, नाश्त्याला आलास?"

"उताराच्या लढाईत मुंगसाचा पंजा कोणी तोडला?" तडक्या उलटा लोंबकळत ओरडला. "त्याला माझ्यासमोर आणा!"

तरस खिदळले. मग एकाएकी खिदळायचे थांबले. एकमेकांकडे पाहून त्यांनी त्याला अगदी अलगद खाली ठेवलं.

"त्या मुंगसाचा कोण तू?"

"धाकटा भाऊ."

पहारेकऱ्यांनी त्याला एका गुहेत नेलं. आत एक म्हातारा तरस बसला होता. त्याला एकच कान होता.

"सुभेदार," पहारेकरी दबकत म्हणाला, "हा त्याचा भाऊ."

म्हाताऱ्याने तडक्याला खालून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "बस. पाणी पिणार?"

"पंजा द्या."

"अगदी त्याच्यासारखाच आहेस. रामराम नाही, शामशाम नाही, एकदम कानालाच." सुभेदार कान नसलेल्या बाजूला खाजवू लागला. "ऐक. आम्ही सगळी फौज घेऊन उतारावर आलो. समोर तुमचं कोणी नाही, सगळे पळालेले. पाण्यात मधोमध एक खडक. खडकावर हा एवढासा मुंगूस. मी म्हटलं, बाजूला हो रे. तो आला तो थेट माझ्या कानाला. मी त्याचा पंजा धरला, त्याने माझा कान. मी सोडीना, तो सोडीना. मागे माझी सगळी फौज खोळंबलेली. सुभेदाराला ओलांडून पुढे जायचं नाही, ही आमची रीत."

"मग?"

"मग काय! सूर्य बुडाला, तुमची कुमक आली, आम्ही परत फिरलो. कान त्याच्याकडे, पंजा माझ्याकडे."

"तो काही बोलला का हो?" तडक्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"कसा बोलेल? तोंडात माझा कान होता."

तडक्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याच्या नाकातून पाणी आलं. सुभेदाराने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

पंजा गुहेच्या कोनाड्यात होता. वाळलेला, पण नीट पुसलेला. त्याच्यासमोर रानफूल ठेवलं होतं.

"आमच्याकडे पोरं रडायला लागली की सांगतात, गप्प बस, उतारावरचा मुंगूस येईल," सुभेदार म्हणाला. "आहे कसा तो?"

"गेला. तापाने."

म्हातारा उठून कोनाड्यापाशी गेला. मग त्याने पंजा काढून तडक्याच्या पुढ्यात ठेवला. "ताप म्हणजे नक्कीच फार मोठा असला पाहिजे," तो म्हणाला.

तडक्याने पंजा तोंडात धरला आणि धावत सुटला. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. दोन्ही पहारेकरी सरळ उभे राहिले होते.

कचेरीत पंजा विटेवर ठेवला गेला. ठशात तो असा बसला, जशी कुलपात किल्ली. ससे मेजाखालून बाहेर आले. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

"जुळला," घोरपडबाई म्हणाल्या. त्याही खूश दिसत होत्या. "हा येसबाचाच पंजा. आता सांग, इतकी वर्षं हा होता कुठे?"

"तरसांच्या जंगलात. सुभेदाराच्या गुहेत. फूल वाहत होते त्याला!" तडक्या अभिमानाने म्हणाला.

घोरपडबाईंचा चेहरा हळूहळू पडला. त्यांनी कोरणी घेतली आणि येसबाच्या विटेवरच्या कोऱ्या जागेत कोरायला सुरुवात केली.

"काय लिहिताय?"

"'उताराकडे रवाना झाला,'" त्या वाचत म्हणाल्या. "'तेथून शत्रूच्या मुलखात गेला. तेथेच मुक्काम केला. शत्रूने त्याचा आदरसत्कार केला.'" मग खाली एकच शब्द. "'फरारी.'"

"फक्त पंजा होता तिकडे!"

"कचेरी शिपायाला पायाच्या ठशावरून ओळखते. ठसा जिथे, तिथे शिपाई."

"आणि बाकीचा दादा? बाकीचा दादा इथे होता! आमच्या घरी होता!"

"तो तीन पायांचा," घोरपडबाई म्हणाल्या. "त्याला आम्ही ओळखत नाही."

इथे तडक्याने जे केलं ते चांगल्या मुलांनी करू नये. तो घोरपडबाईंच्या शेपटीला चावला. त्यांनी सवयीने मेज धरलं. तडक्या ओढत होता, घोरपडबाई सुटत नव्हत्या, त्यामुळे मेज, विटा, दोन ससे आणि घोरपडबाई अशी सगळी वरात कचेरीच्या दारापर्यंत आली. तिथे रक्षकांनी तडक्याला उचलून बाहेर फेकलं. जाता जाता त्याने पंजा तेवढा पळवला.

आता गंमत ऐका, बाळांनो. येसबा फरारी ठरला, म्हणजे त्याला ताटावरसुद्धा जागा राहिली नाही. फरारी शिपायाचा वीरगळ उभारत नाहीत. उभा असेल तर पाडतात. पण त्याच ओढाताणीत दाराशी सांडलेली तीन ठशांची पोचवीट तिथून जाणाऱ्या महाराजांच्या नजरेस पडली.

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, उतार एकट्याने राखणारा वीर," घोरपडबाई म्हणाल्या. "आपण नख दिलंत. पण त्याचा ठावठिकाणा नाही, भरतीची वीट नाही, घरदार नाही. कोण होता, कुणालाच माहीत नाही."

नख दिल्याचं महाराजांना आठवलं, कुणाला ते आठवेना. त्यांचे डोळे भरून आले. ज्या वीराला घरदार नाही, त्याच्या घरच्यांना काही द्यावं लागत नाही. असा वीर राजाला फार आवडतो.

हुकूम निघाला. वेशीच्या मधोमध, सगळ्या वीरगळांहून उंच, 'अनोळखी तीन पायांच्या वीरा'चा दगड उभारायचा.

साळिंदरदादा तडक्याच्या दाराशी आले. तडक्या कोपऱ्यात तोंड घालून बसला होता.

"चल रे, उभा राहायला मुंगूस हवाय."

"मी नाही येणार. त्या कचेरीचा दगड त्यांनाच लखलाभ."

"बरं. मग मी आपल्या मनाने कोरतो. पण सांगून ठेवतो, मला मुंगसाचं तोंड जमत नाही. घूस होते."

तडक्याने मान वळवली. "घूस?"

"जाडी घूस. मागच्या वेळीही झाली होती."

तडक्या उठला.

दगडासमोर तो डावा पंजा वर उचलून उभा राहिला. साळिंदरदादांनी पाठीवरून एक छिन्नी उपटली आणि काम सुरू केलं. तडक्या हलेना. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, वर खऱ्या मुंग्याही चढल्या, पण त्याने पंजा खाली टेकला नाही. फक्त तोंड चालू होतं.

"नाक जरा आणखी डावीकडे. एकदा सापाने धरलं होतं ना, म्हणून. भुवई अशी नाही, वर. आपण काही मूर्खपणा केला की कशी वर जायची, तशी. आणि अहो, रागावलेला नका काढू. दादा कधी..."

छिन्नी थांबली.

"म्हणजे हा अनोळखी वीर," तडक्या म्हणाला. "तो रागीट नसावा, असं मला आपलं वाटतं."

"मलाही वाटतं," साळिंदरदादा म्हणाले आणि भुवई वर केली.

दगड उभा करताना खालच्या खड्ड्यात तडक्याने वाळलेला पंजा ठेवला. साळिंदरदादांनी वरून माती ओढली आणि आपण काही पाहिलं नाही असा चेहरा केला. तेही सरकारी कामावर होते.

अनावरणाला सगळं जंगल लोटलं. पडदा सरकला. आई तडक्याशेजारी उभी होती. तिने दगड पाहिला आणि तिचा हात छातीशी गेला.

"अगं बाई! हा तर माझा..."

तडक्याने तिच्या तोंडावर पंजा ठेवला. "आई, नको. फरारी आहे तो. ओळखलंस तर पाडतील."

आईने मान हलवली. पदराने डोळे पुसले आणि बाकीच्यांसारखेच हात जोडले.

घोरपडबाई शेपटीला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या दगडाकडे पाहत राहिल्या. मग तडक्याकडे पाहिलं, मग पुन्हा दगडाकडे. त्यांच्या शेजारचा ससा कुजबुजला, "बाई, हा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा..."

"मी चष्मा आणलेला नाही," घोरपडबाई म्हणाल्या. "तूही आणलेला नाहीस."

मग महाराज उठले. त्यांनी मोठं भाषण केलं. उतार, खडक, एकाकी झुंज, सगळं सांगितलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. शेवटी ते गहिवरून गरजले, "धन्य तो वीर! ज्याला आई कोण, भाऊ कोण, काही ठाऊक नाही! सांगा प्रजाजनहो, आहे का तुमच्यात कोणी याला ओळखणारं?"

सगळे श्वास रोखून उभे राहिले. जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं, तडक्याच्या मनात काही आलं की ते तोंडात येतंच. साळिंदरदादांच्या पाठीवरचे काटे उभे राहिले.

तडक्याने दगडाकडे पाहिलं. छाती पुढे, तोंड नदीकडे, एक भुवई वर.

"नाही!" तो ओरडला.

मग आई ओरडली, "नाही!" मग सारं जंगल. पण त्या सगळ्यांत तडक्याचा आवाज सर्वांत मोठा होता, इतका की महाराजांनी कौतुकाने वळून पाहिलं आणि शेजारच्या चित्त्याला विचारलं, "कोण रे हा? फार देशभक्त दिसतो."

तात्पर्य: बाळांनो, शौर्य कधीच वाया जात नाही, त्याचा दगड होतोच. फक्त तो दगड आपल्या घरातला आहे, असं कुणाला सांगू नये.